पांदणीतला चिखल आणि बॅटरीची गाडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची संत्र्याची बाग डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे. आंबिया बहाराची तोडणी सुरू होते तेव्हा पांदण (शेताकडे जाणारी कच्ची वाट) ओलीच असते आणि ट्रॅक्टर रुततो. माल बाहेर काढायला विजेवरची एटीव्ही (शेतात, चिखलात चालणारी जाड टायरची छोटी चारचाकी) घ्यावी म्हणतो. विक्रेता एका चार्जिंगमध्ये ६० किलोमीटर सांगतो. १२ कॅरेट लादून खरंच किती चालेल? (काटोल)

उत्तर : ओल्या काळ्या मातीत ११ किलोमीटर धरा. विक्रेता खोटं बोलत नाही, त्याचा आकडा कडक, सपाट रस्त्यावरचा आहे.

हिशेब असा. गाडी आणि चालवणारा मिळून ४५० किलो, वीस-वीस किलोची १२ कॅरेट म्हणजे २४० किलो. एकूण ७०० किलो समजा. डांबरावर जाड नक्षीच्या टायरला वजनाच्या साधारण ३ टक्के ओढ लागते. वाळलेल्या पांदणीत ती ६ टक्क्यांवर जाते, ओल्या काळ्या जमिनीत १५ टक्के किंवा त्याहून जास्त. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ५.१२ युनिट (एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास), त्यातली साडेचार वापरायची. मोटर आणि गिअरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर डांबरावर किलोमीटरला ७५ वॉट-तास लागतात, वाळलेल्या पांदणीत १६० आणि चिखलात ४०० च्या वर. म्हणजे अनुक्रमे ६०, २८ आणि ११ किलोमीटर. तुमच्या दीड किलोमीटरवर, जाताना रिकामी आणि येताना भरलेली अशी एक फेरी जवळपास एक युनिट खाते. चार फेऱ्या झाल्या की गाडी चार्जिंगला. २० अँपिअरच्या चार्जरला त्यासाठी साडेचार-पाच तास लागतात, हे तोडणीच्या मजुरांच्या वेळेशी जुळवून बघा.

पण गाडी बहुतेक वेळा बॅटरी संपल्यामुळे अडकत नाही, पकड सुटल्यामुळे अडकते. नाल्यातून वर येणारा १५ टक्के चढ आणि त्यावर चिखल असला तर गाडीच्या वजनाच्या ३० टक्के ताकद चाकाखाली लागते. ओल्या काळ्या मातीची पकडही जेमतेम तेवढीच असते, आणि तीही चारही चाकं ओढत असतील तरच. मागची दोनच चाकं फिरत असतील तर मोटर कितीही दणकट असो, चाक जागच्या जागी फिरून खड्डा करतं. त्यामुळे तुमच्या पांदणीसाठी फोर-व्हील ड्राइव्हच घ्या, पैसे दुसरीकडे वाचवा. पुढे एक, मागे एक अशा दोन मोटरी असतील तर उत्तम: मधला लांब शाफ्ट लागत नाही आणि धुऱ्यावरून (बांधावरून) जाताना पोट घासत नाही.

विक्रेत्याला तीन आकडे विचारा: मोटरचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर), गिअरचं प्रमाण आणि चाकाची त्रिज्या. २५ इंची चाकाला वर सांगितलेल्या चढावर सर्व चाकं मिळून ६२० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. ४० न्यूटन-मीटरची मोटर आणि १८:१ गिअर असेल तर तो कसाबसा मिळतो. चाकात बसवलेल्या, गिअर नसलेल्या दोन हब मोटरी दोनशे-अडीचशेवरच थांबतात. हब मोटरची गाडी सपाट मुरमाड शेतात चांगली, नाल्याच्या काठावर नाही.

आता चालवताना. टायरची हवा गाडीवरच्या पाटीवर दिली असेल तेवढीच ठेवा. अशा टायरना बहुधा ५ ते ७ पीएसआय लागते. ३० पीएसआय भरली की टायर टणक होऊन माती कापत खाली जातो. मडगार्ड आणि टायर यांत चार बोटांहून कमी जागा असेल तर ते काढून ठेवा, कारण काळी माती चाकाला धरते, मडगार्डखाली ठासून बसते आणि चाक जाम करते. चाक अडलं आणि दोन-तीन सेकंदांत हललं नाही, तर थ्रॉटल सोडाच. फिरणाऱ्या मोटरमध्ये करंट तिन्ही फेजमधून आळीपाळीने जातो. अडलेल्या मोटरमध्ये तो कंट्रोलरमधल्या (मोटरला वीज सोडणाऱ्या पेटीतल्या) त्याच दोन-चार मॉसफेटमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचमधून, वाहत राहतो. कंट्रोलर चांगला असेल तर तापून आपोआप बंद पडतो, स्वस्तातला असेल तर जळतो.

प्रश्न : गाडी आयपी६७ आहे. नाल्यातून बिनधास्त न्यायची का? (उमरेड)

उत्तर : बिनधास्त नाही. आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल, स्थिर पाण्यात अर्धा तास ठेवून आत पाणी गेलं नाही. ही चाचणी गार आणि नव्या वस्तूवर होते. तुमची मोटर मात्र चढ चढून तापलेली असते. ती थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून नाल्याआधी गाडी सावलीत पंधरा मिनिटं उभी करा. पाणी अ‍ॅक्सलच्या वर असेल किंवा वाहतं असेल तर उतरूच नका. फुगीर टायरची हलकी गाडी पाण्यावर उचलली जाते आणि मग स्टिअरिंगचा काही उपयोग राहत नाही.

पाण्यातून बाहेर आल्यावर पुढच्या दोन दिवसांत गिअरबॉक्सचं तेल बघा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय; लगेच बदला, नाहीतर बेअरिंग जातील. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने मोटर, कनेक्टर आणि बॅटरीची पेटी कधीच धुऊ नका. आयपी६७ मध्ये जोराच्या फवाऱ्याची चाचणी नसते. साध्या नळीने चिखल भिजवून ब्रशने काढा.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी चार्जिंग लावलं की चार्जर चालू दिसतो, पण बॅटरी भरत नाही. बिघाड आहे का? (वाडी)

उत्तर : बहुतेक नाही. बाहेर ४५ अंश आणि त्यात नुकतीच चाललेली गाडी असली की आतले सेल पन्नाशी ओलांडतात. अशा वेळी बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) स्वतःच चार्जिंग रोखतो आणि ते बरोबर आहे. पत्र्याच्या शेडमध्ये तर आणखी वाईट. चार्जिंग पहाटे लावा. सकाळी थंड असतानाही बॅटरी भरत नसेल तरच तापमानाचा सेन्सर आणि सेलचे व्होल्टेज तपासून घ्या. नवी घेताना लिथियम फेरो-फॉस्फेट घ्या, ती उष्णता जास्त सोसते. लेड-अ‍ॅसिड टाळा: तेवढ्याच क्षमतेला दुपटीहून जास्त वजन, आणि त्यातली निम्मीच वीज वापरायची. हंगाम नसताना बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवा, मुख्य स्विच बंद करा आणि दोन महिन्यांनी एकदा तपासा.

प्रश्न : आमचं घर टेकडीवर आहे. उतारावर रीजनने (वेग आवरताना मोटरनेच वीज तयार करण्याने) किती वीज परत मिळेल? (पारशिवनी)

उत्तर : फार कमी. ७०० किलोची गाडी ६० मीटर उंचीवरून उतरली तर मिळण्याजोगी ऊर्जा ११४ वॉट-तास. निम्मी परत आली तरी ओल्या पांदणीत त्यावर दीडशे मीटर जाता येत नाही. रीजनचा खरा फायदा ब्रेक तापत नाहीत हा आहे. मात्र वर घरी बॅटरी पूर्ण भरून निघालात तर रीजन चालूच होत नाही, कारण वीज ठेवायला जागा नसते. गाडी अचानक मोकळी सुटते. तुम्ही ९० टक्क्यांवर चार्जिंग बंद करा.

प्रश्न : परदेशात चार मोटरींच्या गाड्या आल्या आहेत. चार हब मोटरी लावून तशी बनवता येईल का? आरटीओचं काय? (हिंगणा)

उत्तर : मर्सिडीझच्या जी ५८० मध्ये प्रत्येक चाकासाठी वेगळी मोटर आहे, म्हणून ती जागच्या जागी गोल फिरते. पण त्या मोटरी चाकात नाहीत, चेसिसवर आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचा दोन गतींचा गिअर आहे. चाकातली मोटर प्रत्येक दगडाचा दणका स्वतः खाते. आधी बेअरिंग जातं, मग अ‍ॅक्सलमधून येणारी वायर तुटते. जुगाड करायचाच असेल तर ई-रिक्षाचा मोटर-डिफरेन्शिअलचा (मोटर आणि दोन चाकांना ताकद वाटणारा गिअर यांचा) सेट पुढे-मागे एकेक लावा, वेगळे कंट्रोलर द्या.

घरी बनवलेल्या गाडीला टाइप अप्रूव्हल (मॉडेलला मिळणारी सरकारी मंजुरी) नसतं, म्हणून नोंदणी, नंबर आणि विमा यांतलं काहीच मिळत नाही. ती कुंपणाच्या आत ठेवा. ज्या वाटेवरून लोकांना जाण्याचा हक्क आहे ती कायद्याने सार्वजनिक जागा. पांदणही त्यात आली आणि एका वावरातून दुसऱ्यात जाताना ओलांडायचा डांबरी रस्ताही.