‘कादंबरी वाचलो’ आणि ‘कल्पना सुचली’

मूळ उदगीरचा, सध्या पुण्यात शिकणारा एक विद्यार्थी विचारतो: ‘मी रोज रात्री वहीत काहीबाही लिहितो. काय वाचलं, पीएमटीत बसल्या बसल्या काय सुचलं, कुणाचं कुठलं बोलणं लक्षात राहिलं, असलंच. परवा खोलीतल्या मित्रांना एक पान वाचून दाखवलं. “काल अर्धी कादंबरी वाचलो” या वाक्याला ते हसत सुटले. म्हणाले, “कशातून वाचलास?” आमच्याकडे सगळे असंच बोलतात. “कन्नड शिकलो” चालतं, तर “कादंबरी वाचलो” का चालत नाही? आणि दुसरं म्हणजे, डोकं मी शिणवतो, मग “मी सुचलो” का नाही, “मला सुचलं” का? हे पान कॉलेजच्या वार्षिकांकाला द्यायचंय, म्हणून विचारतो.’

मित्रांना हसून घेऊ द्या. त्यांचं झालं की ‘शिकलो’वाला प्रश्न त्यांनाच विचारा. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात लहानाचा मोठा झालेला माणूससुद्धा तिथे अडखळेल.

नियम सगळ्यांना शाळेत शिकवलेला असतो. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की ते कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. लेख वाचला, कादंबरी वाचली, पुस्तक वाचलं, कविता वाचल्या. वाचणारा पुरुष की बाई, याच्याशी क्रियापदाला काही देणंघेणं नाही. हा कर्मणी प्रयोग. ‘मी पुस्तक वाचतो’ म्हटलं तेव्हा तो नसतो, ‘वाचलं’ म्हटलं की येतो. इथवर ठीक.

पण मग ही वाक्यं बघा. मी कन्नड शिकलो. मी किल्ली विसरलो. मी दूध प्यायलो. ती खोटं बोलली. ती रस्ता चुकली. आजी सोवळं नेसली. सगळीकडे कर्म आहे, काळ भूतच आहे, आणि तरी क्रियापद कर्त्याला धरून आहे. ‘मी किल्ली विसरली’ असं पुरुषाने म्हटलं तर पुण्यातही कान टवकारतील. व्याकरणकार अशा धातूंची यादी देतात आणि अपवाद म्हणून पुढे जातात. नुसते अपवाद म्हणून गप्प बसावं, अशी ही यादी मला वाटत नाही. रोजच्या बोलण्यातली इतकी क्रियापदं तीत आहेत, की प्रमाण मराठीत दोन्ही वहिवाटी नांदतात असं म्हणणंच जास्त खरं. गंमत अशी की याच क्रियापदांना दुसरं क्रियापद जोडलं की लगेच पारडं फिरतं: ‘दूध प्यायलो’, पण ‘दूध पिऊन टाकलं’, ‘कन्नड शिकलो’, पण ‘कन्नड शिकून घेतली’.

तुमच्याकडे, म्हणजे उदगीर, देगलूर, तिकडे अक्कलकोट या पट्ट्यात, ही दुसरी वहिवाट सगळ्या क्रियापदांना लावली जाते: मी काम केलो, मी पिक्चर बघितलो, मी कादंबरी वाचलो. कन्नड-तेलुगूचा शेजार हे त्याचं कारण सांगतात. कन्नडमध्ये ‘नानु पुस्तक ओदिदे’ म्हणताना क्रियापद ‘नानु’चंच ऐकतं, पुस्तकाचं नाही, तिथे कर्मणीची भानगडच नाही. शेजाराचं कारण मला पटतं, पण दार मराठीनेच उघडं ठेवलं होतं असंही वाटतं. ‘त्याने’, ‘तिने’, ‘रामाने’ यांत ‘ने’ ठणठणीत ऐकू येतो, त्यामुळे हा कर्ता आता क्रियापदावर हुकूम चालवणार नाही हे कळतं. ‘मी’ आणि ‘तू’ला मात्र ‘ने’ लागतच नाही. प्रथमा ‘मी’, तृतीयाही ‘मी’. जुन्या मराठीत तृतीयेचं वेगळं ‘म्यां’ होतं, संतवाङ्मयात ते जागोजागी भेटतं, आणि खेड्यांतून ‘म्या सांगितलं’ अजून कानावर पडतं. ‘म्या’ म्हणणाऱ्याच्या तोंडून ‘वाचलो’ सहसा निघणार नाही. ‘मी’ म्हणणाऱ्याची चूकभूल व्हायला मात्र भरपूर जागा आहे.

‘तू’ची तर आणखी मजा. ‘तू लेख वाचलास’, ‘तू कादंबरी वाचलीस’, ‘तू पुस्तक वाचलंस’. क्रियापद लिंगाने कर्माचं आणि शेवटच्या ‘स’ने कर्त्याचं. व्याकरणात याला कर्तृकर्मसंकर म्हणतात. तेव्हा तुमच्या मित्राने ‘कशातून वाचलास?’ असं विचारलं, त्याच ‘वाचलास’ने त्याला ‘लेख वाचलास का?’ हेही विचारता आलं असतं. आणि तुमच्या वर्गातली पुण्याची मुलगी ‘काल रात्री पुस्तक वाचले’ असं लिहिते, तेव्हा ‘अपघातातून वाचले’ हेही ती त्याच अक्षरांत लिहिते. तिला कुणी हसत नाही.

त्या विनोदाचंच थोडं खोलात बघू, कारण तिथे माल आहे. वाचणे ही मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत. ग्रंथ वाचणे हे वाच्, वाचा, वाचन यांच्या घरातलं. जीव वाचणे, पैसे वाचणे हे संस्कृतातल्या ‘वञ्च्’कडून आलेलं, निसटणं, चुकवून जाणं हा त्याचा अर्थ. हिंदीने दोघांची तोंडं वेगळी ठेवली, बाँचना आणि बचना. मराठीत ती एक झाली. तरी जुनी मराठी त्यांना भविष्यकाळात वेगळं ओळखत होती. सकर्मकाला ‘ई’ आणि अकर्मकाला ‘ए’, या जुन्या नियमाने ‘मी हा ग्रंथ वाचीन’ आणि ‘मी या दुखण्यातून वाचेन’. करीन, मारीन एका बाजूला. बसेन, उठेन दुसऱ्या. आता पुण्यातलेच लोक ‘पुस्तक वाचेन’ असं बिनदिक्कत म्हणतात, आणि ‘कशातून?’ असं त्यांना कुणी विचारत नाही. तुमच्या मित्रांनाही विचारून बघा, ते कुठलं रूप वापरतात.

तिसरं एक ‘वाचून’ आहेच, ‘शिवाय’ या अर्थाचं. ‘पुस्तक वाचून दिवस गेला’ आणि ‘पुस्तकावाचून दिवस गेला’, एका सामान्यरूपाने सगळा दिवस उलटा होतो. पूर्वी हे ‘वांचून’ असं अनुस्वाराने लिहीत. ज्ञानेश्वरीत ‘वांचूनि’ पुष्कळ येतो. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यात हेही टिंब गेलं. आणि चौथं, रात्री अकरानंतर तुम्हाला नक्की लागणारं: ‘आता मला वाचवत नाही.’ वाचणं झेपत नाही, असं शक्य क्रियापद. हेच वाक्य बुडणाऱ्या माणसाच्या तोंडी घातलं आणि आधी ‘कुणीच’ लावलं की अर्थ कुठच्या कुठे जातो.

आता सुचणं. ‘मला’ मागणाऱ्या क्रियापदांचा एक मोठा कळप मराठीत आहे: आवडणे, पटणे, उमगणे, आठवणे, जमणे, परवडणे. यांत माणूस करत काही नाही, त्याच्यापाशी काहीतरी येऊन ठेपतं. ही सवय फार जुनी. संस्कृतातही ‘मह्यं रोचते’, आणि पाणिनीने अशा वाक्यातल्या आवडून घेणाऱ्याला संप्रदान, म्हणजे चतुर्थीचा मानकरी, म्हटलंय. सुचणे हे सूचना, सूचक यांचं भावंड. खूण दाखवणं हा मूळचा भाव, आणि खूण दाखवणारा आपण नसतो. म्हणून कल्पना सुचते, आपण सुचत नाही. इथे कन्नडही मराठीच्याच बाजूची, तिथे ‘मला कन्नड येते’ हे ‘ननगे कन्नड बरुत्तदे’ असंच, म्हणजे ‘मला’नेच म्हणतात. त्यामुळे तुमच्या उदगिरी बोलीत ‘वाचली’चं ‘वाचलो’ झालं, तरी ‘मला सुचलं’चं ‘मी सुचलो’ झालं नाही.

सुचण्याचा पसारा नुसत्या कल्पनेपुरता नाही, हे वहीत लिहिताना लक्षात असू द्या. ‘मला काही सुचत नाही’ असं आई म्हणते तेव्हा तिला कल्पनांची टंचाई नसते, ती घाबरलेली असते. ‘बरं सुचलं!’ हे शाबासकीचंही असतं आणि टोमण्याचंही, आणि ‘उशिरा सुचलेलं शहाणपण’ तर नेहमी दुसऱ्याचंच असतं.

श्रेय हवंच असेल तर मराठीने त्याचीही सोय केली आहे. युक्ती योजा, शक्कल लढवा, गोष्ट रचा, चाल बांधा. ही सगळी कामं तुमची. फार जोरात कविता करायला लागलात तर ‘पाडतो’ म्हणतील, तेही कर्तरीच, म्हणजे कर्त्याच्या मागे जाणारंच.

या कळपातलं एक क्रियापद मात्र दोन्ही दारांनी येतं, आणि मला ते सगळ्यांत आवडतं. ‘मला समजलं, तू पुण्यात आहेस.’ ‘मी समजलो, तू पुण्यात आहेस.’ पहिल्या वाक्यात बातमी आली आहे आणि ती खरी आहे. दुसरं वाक्य ऐकलं की पुढे ‘पण’ येणार हे ठरलेलं. माणूस पुण्यात नसतोच. आपोआप आलेलं ज्ञान खरं आणि आपण पुढाकार घेऊन समजलो ते बहुधा गैरसमज, असा हा फरक प्रत्यय बदलून झालेला. तुमच्या वहीत ‘समजलो’ आणि ‘समजलं’ कुठे कुठे आलेत ते एकदा तपासा. शुद्धलेखनासाठी नको, तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं यासाठी.

राहिला वार्षिकांक. वही तुमच्या तोंडची आहे, ‘काल अर्धी कादंबरी वाचलो’ तसंच जाऊ द्या, असं माझं मत. प्रमाणभाषेत ते बसत नाही हे खरं, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, अर्जात ‘वाचली’च लिहा. पण रोजनिशीसारख्या लेखनात बोलीचं रूप ही चूक धरू नये. संपादकांनी बदलायला सांगितलंच, तर मग सगळीकडे बदला, ‘केलो’, ‘बघितलो’, ‘ऐकलो’सकट. अर्धं पान उदगीरचं आणि अर्धं सदाशिव पेठेचं झालं तर वाचणाऱ्याला ते निष्काळजीपणाचं वाटेल. आणि तुमचे मित्र ‘अभ्यासिका लावली’, ‘मेस लावली’, ‘क्लास लावला’ असं म्हणत असतील, तर ती क्रियापदं कशाच्या मागे जातायत तेवढं त्यांना दाखवा. तीच ‘वाचली’ची वाट, आणि ‘मी मेस लावलो’ हे मात्र तुम्हीसुद्धा म्हणत असाल असा माझा संशय आहे. म्हणत असाल तर कळवा, मला नोंदवून ठेवायचंय.