क्रँकच्या बेअरिंगचा गॅप मोजताना

नवे शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) आणलेस, म्हणजे क्रँक आणि शेल यांच्यातला गॅप बरोबर असेलच असं धरू नकोस. आधी मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दोन दिशांनी, काटकोनात, आणि दोन्ही टोकांना मोज. जर्नल लंबगोल किंवा निमुळता झाला असेल तर आधी ग्राइंडिंग, मग बाकीचं.

पहिल्यांदाच करतोयस तर प्लास्टिगेज वापर, म्हणजे मऊ प्लास्टिकचा धागा, तो किती चपटा होतो त्यावरून गॅप कळतो; सोपं पडतं. ब्लॉक उलटा ठेव, म्हणजे क्रँकचं वजन ब्लॉकमधल्या शेलवर बसेल. जर्नल आणि शेल कोरडे पुसून घे. शेलच्या पाठीमागे तर तेलाचा थेंब किंवा कचऱ्याचा कणही नको, तिथेच माप फसतं. धागा जर्नलच्या लांबीला समांतर ठेव, कॅप (बेअरिंगवर बोल्टने बसणारं झाकण) तिच्याच नंबरच्या जागी, बाणाची दिशा बघून बसव आणि टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने आवळ. या वेळी क्रँक अजिबात फिरवायचा नाही! मी एकदा सवयीने फिरवला. धागा फासला गेला, सगळं पुन्हा.

कॅप काढून चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघ. जास्त रुंद म्हणजे गॅप कमी. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला अरुंद दिसला तर जर्नल निमुळता आहे. ढोबळ हिशेब म्हणजे व्यासाचा हजारावा भाग, ५० मिमीला ०.०५ मिमी, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचाच. धागा नखाने खरवडू नकोस, तेलाच्या फडक्याने निघतो.

आवळताना कायमचे ताणले जाणारे, एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर मोजणीला जुने वापर, नवे शेवटच्या जोडणीसाठी राखून ठेव.