बाथरूमची गळती, अडलेले पैसे आणि कंत्राटदार: फरशी फोडण्याआधी काय करावे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यातील तुमच्या तिसऱ्या मजल्यावरील घराची दोन्ही बाथरूम एका कंत्राटदाराने मटेरियलसह २,४०,००० रुपयांत नव्याने करून दिली. त्यांपैकी २,१०,००० रुपये तुम्ही दिले आहेत. काम संपून दोन महिने होत नाहीत तोच खालच्या घराच्या छताला ओल धरून पाणी ठिबकू लागले, आणि कंत्राटदार ‘तुमची जुनी लाइन गळते आहे’ एवढे सांगून आता फोनही उचलत नाही. दुसरा मिस्त्री आणून लगेच फरशी फोडावी का, उरलेले ३०,००० रुपये देऊन टाकले तर तो येईल का आणि पोलिसांत तक्रार करावी का, असे तुम्ही विचारले आहे. आजच्या घडीला या तिन्ही प्रश्नांचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यांतही पहिला ‘नाही’ सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो आधी सांगतो.

सदोष बांधकामाचा पुरावा त्या बांधकामाच्या पोटात असतो. फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा थर खरोखर दिला होता का, तो भिंतीवर किती उंच चढवला होता, नहाणी ट्रॅपभोवतीचा (फरशीवरचे पाणी जिथून पाइपात उतरते त्या तोंडाभोवतीचा) सांधा नीट भरला होता का, कोब्याचा (फरशीखालच्या सिमेंटच्या थराचा) ढाळ ट्रॅपकडे होता की दाराकडे, हे सर्व फोडताना एकदाच दिसते, आणि एकदा राडारोडा पोत्यांत भरून खाली गेला की पुन्हा कधीही दाखवता येत नाही. २०१८ साली ठाण्यातील आमच्या घरी मी नेमकी हीच चूक केली. शेजाऱ्यांचा त्रास पाहवत नव्हता म्हणून दुसऱ्या गवंड्याकडून दोन दिवसांत सगळे उखडून घेतले. पहिल्या कंत्राटदाराने नंतर शांतपणे सांगितले की त्याचे काम चांगलेच होते आणि ते मी स्वतः तोडले. माझ्याकडे दाखवायला काहीही नव्हते. दुरुस्तीचा पूर्ण खर्च मीच सोसला, आणि तो खर्च मोठा होता म्हणून नव्हे, तर टाळता येण्यासारखा होता म्हणून आजही सलतो.

म्हणून आधी गळती नेमकी कुठून आहे हे न फोडता शोधा. खालच्या घरी पाणी चोवीस तास, म्हणजे रात्री कोणी बाथरूम वापरत नसतानाही, सारखेच ठिबकत असेल, तर संशय भिंतीतील पुरवठ्याच्या नळीवर जातो. बाथरूमचा व्हॉल्व्ह सहा-आठ तास बंद ठेवल्यावर ठिबकणे कमी झाले, तर तो संशय बळावतो. उलट, आंघोळीनंतरच ठिबकत असेल तर दोष फरशीत, ट्रॅपच्या सांध्यात किंवा सांडपाण्याच्या पाइपमध्ये आहे. त्यांतील फरक ओळखण्यासाठी ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करा, फरशीवर इंचभर पाणी साठवा, कडेला पेन्सिलीने पातळीची खूण करा आणि ४८ तास तसेच ठेवा. या काळात पातळी उतरली आणि खाली ओल वाढली, तर वॉटरप्रूफिंग निकामी आहे. पातळी टिकली आणि बूच काढून पाणी सोडताच खाली ठिबकू लागले, तर फरशी ठीक असून दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा त्यापुढच्या पाइपमध्ये आहे. पाण्यात खाण्याचा रंग मिसळला तर खाली उतरणारे पाणी तुमचेच आहे की वरच्या मजल्यावरून येणारे आहे, तेही कळते. दोन्ही बाथरूमची चाचणी एकाच वेळी घेऊ नका, नाहीतर दोष कोणत्या बाथरूमचा हे सांगता येणार नाही.

ही चाचणी खालच्या कुटुंबाला विश्वासात घेऊनच करावी. त्यांच्या छतातील दिव्याच्या जागेतून पाणी येत असेल तर तेथील वीज आधी बंद करून घ्यावी. पाणी भरण्यापूर्वी कंत्राटदाराला दिवस आणि वेळ लेखी कळवून हजर राहण्यास सांगावे. तो आला तर दोष त्याच्या डोळ्यांदेखत ठरेल, आणि न आला तर त्याला संधी दिली होती ही गोष्ट नोंदली जाईल. चाचणीच्या वेळी एक स्थापत्य अभियंता बोलवा. त्याला शुल्क द्यावे लागेल, पण त्याच्या सही-शिक्क्याचा दोन पानांचा अहवाल तुमच्या शंभर छायाचित्रांहून अधिक बोलतो. अहवालात दोष काय, तो कशामुळे झाला, दुरुस्तीची पद्धत कोणती आणि अंदाजे खर्च किती, या चारही गोष्टी याव्यात असा आग्रह धरा. ‘काम निकृष्ट आहे’ या एका वाक्याचा पुढे फारसा उपयोग होत नाही.

खालच्या घराविषयी थोडे अधिक लिहितो, कारण बहुतेक जण या टप्प्यावर चुकतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास, बाथरूम, सिंक यांमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती संबंधित सभासदाने स्वखर्चाने करायची असते. खालच्या कुटुंबाचा तुमच्या कंत्राटदाराशी काहीही संबंध नाही, त्यामुळे ‘आमचे प्रकरण चालू आहे, थांबा’ असे त्यांना सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही. सचिवांना पत्र द्या, शेजाऱ्यांना दुरुस्तीची तारीख लेखी कळवा आणि त्यांच्या छताची आजची स्थिती त्यांच्या संमतीने छायाचित्रांत नोंदवून ठेवा. शिवाय भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ नुसार भरपाई ठरवताना गैरसोय दूर करण्याचे कोणते उपाय तुमच्या हाताशी होते, हेही पाहिले जाते. वर्षभर पाणी गळू दिले आणि मग सगळ्या नुकसानीची रक्कम कंत्राटदाराकडे मागितली, तर ती पूर्ण मिळणार नाही. म्हणजे फोडायचे आहेच, पण चाचणी, अहवाल आणि नोटीस यांनंतर, आणि प्रत्येक थर उघडताना चित्रीकरण करत.

आता कागद. तुमच्याकडे स्टॅम्पपेपरवरील करार नाही म्हणून तुम्ही खचला आहात असे दिसते, पण त्याने सर्व संपत नाही. त्याने पाठवलेले कोटेशन, ‘वॉटरप्रूफिंग धरून भाव आहे’ असा व्हॉट्सॲपवरील संदेश, यूपीआय आणि बँकेच्या नोंदी, सामानाच्या दुकानाच्या पावत्या, काम चालू असतानाची छायाचित्रे, या सर्वांतून करार काय होता हे सिद्ध होऊ शकते. व्हॉट्सॲपचे संभाषण पूर्ण निर्यात करून ठेवा. केवळ सोयीचे स्क्रीनशॉट ठेवू नका, कारण निवडक भाग पाहिला की समोरच्याला उरलेल्या भागाविषयी शंका घ्यायला जागा मिळते. मूळ फोनही जपा. इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. तुम्ही काही रक्कम रोख दिली आणि त्याने बिल दिले नाही, असेही लिहिले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथांपैकी एक म्हणून नमूद आहे, त्यामुळे बिल नसणे ही एकट्या तुमचीच कमकुवत बाजू नाही. रोख रकमा कोणत्या तारखेला, कोणासमोर दिल्या, हे आठवते आहे तोवर आजच लिहून काढा.

‘जुनी लाइन तुमची’ या त्याच्या उत्तराचा मात्र प्रामाणिकपणे विचार करा. पैसे वाचवण्यासाठी जुना उभा पाइप तसाच ठेवायचे तुम्हीच ठरवले असेल आणि गळती तिथेच निघाली, तर दोष पूर्णपणे त्याचा ठरणार नाही. पण फरशी उघडी असताना तो पाइप त्याला दिसत होता. जाणकार म्हणून त्याने धोका सांगायला हवा होता, आणि तसे सांगितल्याचे संभाषणात कुठेही नसेल, तर हे उत्तर त्याच्या फारसे कामी येणार नाही. या बाबतीत प्रत्यक्ष काम केलेल्या मिस्त्रीशी बोला. थर किती दिले, पाणी भरून पाहिले होते का, कोणते मटेरियल घाईत वापरले गेले, हे त्याला ठाऊक असते. त्याची मजुरी कंत्राटदाराने थकवली असण्याचीही शक्यता असते. त्याला दमात घेऊ नका. आदराने विचारले तर तो खरे सांगतो, असा माझा अनुभव आहे.

उरलेले ३०,००० रुपये ही सध्या तुमच्या हातातील एकमेव दोरी आहे. ती सोडू नका, पण नुसते गप्प बसूनही अडवू नका. ‘कामातील दोष दूर होऊन पाण्याची चाचणी यशस्वी होताच ही रक्कम देण्यास मी तयार आहे’ असे लेखी कळवा. त्यामुळे तुम्ही पैसे बुडवणारे ठरत नाही. नोटीसही त्याच सुरात असावी. कामाचा तपशील, दिलेली रक्कम, दोष, अभियंत्याचा निष्कर्ष, तुमची मागणी आणि १५ दिवसांची मुदत, एवढेच त्यात लिहा. शिव्याशाप, बदनामीच्या धमक्या आणि त्याच्या कुटुंबाचा उल्लेख कटाक्षाने टाळा, कारण हा कागद एक दिवस तिसरा माणूस वाचणार आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, म्हणून नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि तीच प्रत व्हॉट्सॲपवर व ईमेलवरही द्या. पाकीट न स्वीकारता परत आले तर ते न उघडता जपून ठेवा.

नोटीस मिळाल्यावर बरेच कंत्राटदार बोलायला येतात. तो आला तर दार उघडा. तुम्हाला हवे आहे ते कोरडे छत, त्याचा पराभव नव्हे. मात्र तडजोड तोंडी करू नका. एका पानावर लिहा: कोणता भाग फोडायचा, तीच टाइल बाजारात मिळाली नाही तर काय, मटेरियल कोणाचे, किती दिवसांत, नवी फरशी बसवण्यापूर्वी वॉटरप्रूफिंगच्या थरावर ४८ तास पाणी भरून तुमच्या समोर चाचणी, खालच्या छताच्या रंगकामाचा खर्च कोणाचा. ३०,००० पैकी २०,००० चाचणीनंतर आणि १०,००० एक पावसाळा गेल्यावर द्यावेत, असे मी सुचवेन. दोघांच्या सह्या घ्या, आणि शेवटी ‘ठरल्याप्रमाणे काम न झाल्यास माझे कायदेशीर हक्क अबाधित राहतील’ हे वाक्य घाला. त्याच्यावरचा तुमचा विश्वास पूर्ण उडाला असेल, तर दुरुस्तीऐवजी रक्कम मागण्याचा मार्ग मोकळा आहे, पण मग अभियंत्याच्या अंदाजाखेरीज आणखी दोन ठिकाणची कोटेशन घ्या.

तो आलाच नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे ग्राहक संरक्षण अधिनियमातच म्हटले आहे, आणि जुन्या कायद्याखालीही सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात हेच स्पष्ट केले होते. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली, त्यामुळे कंत्राटदाराने गाव बदलले तरी तुम्हाला पुण्यातच दाद मागता येईल. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्तीही नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तडजोडीच्या आश्वासनांत ती मुदत निघून जाऊ देऊ नका. विरुद्ध पक्षाला लेखी म्हणणे मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि तपासणीची गरज असल्यास पाच महिने असे लिहिले असले, तरी प्रत्यक्षात याहून बराच अधिक काळ लागतो हे मनाशी धरून चाला. दोघे राजी असतील तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो, आणि तुमच्यासारख्या वादात तो मार्ग मला सर्वांत चांगला वाटतो. आदेश होऊनही तो पाळला नाही, तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा किमान २५,००० रुपये आणि कमाल एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करायला हरकत नाही, परंतु तिला आदेश देण्याचा अधिकार नाही आणि एकट्या-दुकट्या कंत्राटदारावर तिचा प्रभाव मर्यादितच पडतो.

मागणी वास्तव ठेवा. दुरुस्तीचा खर्च, खालच्या छताचा खर्च, अभियंत्याचे शुल्क, नोटिशीचा खर्च आणि मनस्तापापोटी माफक रक्कम, एवढी मांडणी पुराव्यानिशी टिकते. दोन बाथरूमसाठी दहा लाख मागितले तर खऱ्या मागणीकडेही संशयाने पाहिले जाते.

पोलिसांविषयी एवढेच सांगतो की फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दिसावा लागतो. ज्याने काम सुरू करून पूर्ण केले, पण वाईट केले, त्याच्या बाबतीत पोलीस हा दिवाणी वाद असल्याचे सांगतील, आणि ते चुकीचे नसेल. पैसे घेऊन कामाला हातच न लावता तो पसार झाला असता, तर माझे उत्तर वेगळे असते.

आज संध्याकाळी खालच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोला आणि कंत्राटदाराला चाचणीची तारीख कळवा. ट्रॅप बंद करून पाणी साठवल्यावर ४८ तासांनी पातळी कुठे होती आणि बूच काढल्यावर खाली काय दिसले, ते इथे लिहा. दोष फरशीचा आहे की पाइपचा, हे कळल्यावर नोटिशीत कोणती मागणी पुढे ठेवायची ते ठरवता येईल, आणि तिचा मसुदा पाहून देण्यास मी तयार आहे.