रक्ताचा थेंब नाही, जीभ गायब, मग गायीला मारलं कुणी?

प्रश्न असा आहे की गाय संध्याकाळपर्यंत धडधाकट होती, सकाळी मेलेली सापडली, डोळे, जीभ, कास गायब, कडा ब्लेडने कापल्यासारख्या आणि रक्त कुठेच नाही. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा, जनावर मेलं कशाने आणि मेल्यावर त्याचं काय झालं. सगळा घोळ तिथेच होतो.

गायब काय झालंय बघा ना, सगळे मऊ भाग. जाड कातडं फाडत बसण्यापेक्षा कावळे, कोल्हे, गिधाडं तिथूनच सुरुवात करणार, माश्याही तिथेच अंडी घालतात. रक्ताचं म्हणाल तर हृदय बंद पडलं की दाब संपला, रक्त अंगाच्या खालच्या बाजूला उतरतं आणि बहुतेक वेळा गोठतं, मग वरून कुणी कितीही कुरतडलं तरी वाहणार कसं? राहिल्या कडा. पोट गॅसने फुगतं, कातडी ताणून फाटते, वाळून आकसली की कड सरळ दिसते. अमेरिकेत अर्कान्सातल्या वॉशिंग्टन काउंटीच्या शेरीफ खात्याने १९७९ मध्ये एक मेलेली गाय ४८ तास शेतात ठेवून हेच तपासलं, तर कापल्यासारख्या चिरा फुगण्यानेच पडल्या आणि मऊ भागांचा फडशा माश्या-अळ्यांनी पाडला. एफबीआयमधून (अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था) निवृत्त झालेल्या केनेथ रोमेल यांचा १९८० चा रिपोर्टही अशा बहुतेक केसेसमध्ये मेलेलं खाणाऱ्या प्राण्यांकडेच बोट दाखवतो. (तरी हे एलियननी केलं म्हणणाऱ्यांचं समाधान होत नाही ते सोडा.)

आता मेली कशाने? वीज, साप, पोटफुगी, फऱ्या (जनावरांचा एक जिवाणूजन्य रोग), कोवळ्या ज्वारीतलं सायनाइड, यादी मोठी आहे. वीज पडली तरी अंगावर भाजल्याची खूण असेलच असं नाही, कधी कधी तोंडात गवताचा घास तसाच असतो.

खरी भीती वाटते ती अँथ्रॅक्स या जिवाणूजन्य रोगाची. त्यात जनावर असंच अचानक जातं, अंग नीट ताठरत नाही, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतं. असं काही दिसलं तर "आत काय झालंय बघू" म्हणून पोट अजिबात फाडू नका, कातडंही सोलू नका. हवा लागली की जंतूंचे स्पोअर्स (टणक कवचाचे बीजाणू) बनतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कुत्री लांब ठेवा, हात लावू नका आणि थेट व्हेटला बोलवा, तो कानाच्या शिरेतून थोडं रक्त घेऊन तपासू शकतो.