हंड्यातली अंकुशी नाणी विकत घेतली, आता वाडामालक ती परत मागतो

प्रश्न : मी मराठेशाहीतली चांदीची नाणी जमवतो. शेजारच्या गावात जुन्या वाड्याचा पाया खणताना मजुरांना नाण्यांचा हंडा लागला. त्यातले ११ अंकुशी रुपये (अंकुशाचे चिन्ह असलेले मराठेशाहीतले चांदीचे रुपये) मी एका मजुराकडून रोखीने घेतले, पावती नाही. वाडामालक म्हणतो, "आमच्या पूर्वजांचं धन आहे, परत करा, नाहीतर पोलिसांत जातो." परदेशातला एक संग्राहक दोन नाण्यांना चांगली किंमत देतो आहे. काय करावे?

उत्तर : नाणी वाडामालकाला देऊ नका, मजुरालाही देऊ नका. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे जमा करा.

जमिनीत पुरलेले दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे धन सापडले, तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. ज्याला ते सापडले त्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून धन कोषागारात ठेवायचे असते. मजुराने ते केले नाही, त्यामुळे त्याचा हिस्सा सरकारजमा होऊ शकतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ज्याची मालकी त्याच्याकडेच पक्की नव्हती, ती तुम्हाला कशी मिळणार? आणि धनाचा उगम ठाऊक असताना खरेदी केलीत, म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली चोरीचा माल घेतल्याचा आरोप येऊ शकतो. स्वतःहून केलेला अर्ज हाच तिथे तुमचा सर्वांत भक्कम बचाव आहे.

मालकाचा दावाही आपोआप खरा ठरत नाही. धन गेल्या १०० वर्षांत त्याच्या घरच्यांनी पुरले असे सकृद्दर्शनी दिसले, तर जिल्हाधिकारी त्याला दिवाणी दाव्यासाठी मुदत देतात. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो : नाणे पेशवाईतले असले तरी ते पुरले गेले असेल १९४० साली. त्या हंड्यात पंचम जॉर्ज या ब्रिटिश राजाचा (कारकीर्द १९१०-३६) एखादा रुपया असेल, तर सगळे प्रकरण फिरू शकते. म्हणून नाण्यांना चिंच, लिंबू, आम्ल काहीही लावू नका. वरचा काळा थर आणि चिकटलेली माती हा पुरावा आहे, शिवाय घासलेल्या नाण्याची संग्राहकांतली किंमतही उतरते.

धन बेवारस ठरले आणि आपसात करार नसला, तर ज्याला सापडले त्याला तीन चतुर्थांश व जागामालकाला एक चतुर्थांश मिळते. मात्र सरकार ते धातूच्या किमतीत एक पंचमांश भर घालून ताब्यात घेऊ शकते. चांदी १,००,००० रुपयांची असेल तर १,२०,००० रुपये. दुर्मीळपणाची किंमत त्यात धरत नाहीत. संग्राहकाला हे जाचक वाटेल, पण कायदा असाच आहे.

आता काम. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे पट्टीसह फोटो काढा, ०.०१ ग्रॅमपर्यंत अचूक वजन लिहा आणि वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा. अर्जात सापडल्याची जागा, तारीख, नाण्यांची संख्या, अंदाजे किंमत, कोणाकडून किती रुपयांना घेतली हे खरे लिहा. बाकीचा हंडा कोणाकडे आहे याबद्दल ऐकीव माहिती ठामपणे लिहू नका. आवक क्रमांकासह पोच घ्या, नाणी जमा करताना नगवार पावती घ्या. मग वाडामालकाला स्पीड पोस्टने कळवा की नाणी जिल्हाधिकाऱ्यांकडे आहेत, दावा तिथे करावा. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि त्यानंतर ४ ते ६ महिन्यांच्या आतली तारीख दावेदारांना देतात. त्या दिवशी हजर राहिले नाही तर हक्क बुडतो. मजुराला दिलेले पैसे वस्तुविक्री अधिनियम, १९३० नुसार परत मागता येतात, पण वसुलीची फार आशा ठेवू नका.

परदेशी व्यवहार आजच मोडा. १०० वर्षांपेक्षा जुने नाणे पुरावशेष ठरते. पुरावशेष व बहुमोल कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार खाजगी व्यक्तीने ते देशाबाहेर पाठवणे हा गुन्हा आहे, टपालाच्या पाकिटातून एकच पाठवले तरीही. शिक्षा किमान ६ महिने, कमाल ३ वर्षे, वर दंड.

तुमच्या बाकीच्या संग्रहाला हात लागत नाही. नाणी सक्तीच्या नोंदणीच्या यादीत नाहीत. मात्र धंदा म्हणून विक्री करणार असाल तर परवाना लागतो. पुढे घेताना विक्रेत्याचे नाव, पत्ता, नाण्याचे वजन आणि ते कुठून आले हे पावतीवर लिहून घ्या. चांदीची 'शिवराई' कोणी देऊ केली तर घेऊ नका, ती बनावट असू शकते. शिवछत्रपतींच्या नाण्यांपैकी सर्वपरिचित आहेत ती सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई.