कोइलओव्हर राहू द्या, आधी पॉलिसी परत करा

पत्र नाशिकहून आलंय. वय 34, अंबड एमआयडीसीत नोकरी, महिना हातात 95 हजार, घरात बायको आणि तीन वर्षांची मुलगी, होम लोन 28 लाख बाकी. गाडी 2015 ची ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआय, सेकंडहँड घेतलेली, स्टेज वन रीमॅप झालाय, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवलीय, ती मोजणाऱ्या डायनोच्या शीटवर टॉर्क (इंजिनाचा पीळ) 320 न्यूटनमीटर. कसारा घाटात गाडी वळणाला झुकते म्हणून दीड लाखाचे कोइलओव्हर, म्हणजे गाडी खाली बसवणारा कडक स्प्रिंग-शॉकचा सेट, टाकायचेत. विचारताय की पर्सनल लोन घेऊ का, कारण "गेल्या महिन्यात बँकेच्या आरएमने (रिलेशनशिप मॅनेजर) एक चांगली गॅरंटीड पॉलिसी करून दिली, 1.2 लाख भरले, त्यामुळे सध्या कॅश टाइट आहे". आणि लोनही तोच आरएम 15 टक्क्यांनी देतोय.

प्रश्न गाडीचा आहे पण माझा जीव त्या पॉलिसीवरच अडकलाय.

तुम्ही पाठवलेल्या व्हॉट्सॲप स्क्रीनशॉटवर फुगे-फटाक्यांच्या इमोजीत लिहिलंय, "12 लाख भरा, 24 लाख मिळवा". म्हणजे दहा वर्षं 1.2 लाख भरायचे आणि पैसे विसाव्या वर्षी हातात. पहिला हप्ता वीस वर्षं तिथे पडून, शेवटचा अकरा, सरासरी साडेपंधरा वर्षांत दुप्पट. दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी 72 ला भागलं की व्याजाचा अंदाज येतो; 72 ला 15.5 ने भागा, साडेचार टक्के पडतात. पीपीएफ सध्या 7.1 देतोय आणि तिथे कोणी केक घेऊन घरी येत नाही. साडेचारने पैसे ठेवायचे, त्यामुळे खिसा रिकामा झाला म्हणून त्याच माणसाकडून पंधराने उचलायचे! दीड लाखाला तीन वर्षं महिना 5,200, व्याज 37 हजारांच्या घरात.

आणि कव्हर किती, तर 12 लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर बायकोच्या हातात 12 आणि डोक्यावर 28. ह्याला इन्शुरन्स कसं म्हणायचं ते मला तरी कळत नाही. एक कोटीचा टर्म, म्हणजे नुसता मृत्यूचा विमा, तुमच्या वयाला, तंबाखू-सिगरेट नसेल तर, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास मिळेल. तो आधी घ्या, आणि प्रपोजल फॉर्म स्वतः भरा, आरएमला भरू देऊ नका.

तुमच्या पत्रातली एकच गोष्ट आवडली, पॉलिसी बॉण्ड (पॉलिसीचा कागद) 12 दिवसांपूर्वी हातात आला ही. बॉण्ड मिळाल्यापासून 30 दिवस फ्री लूक असतो, त्यात पॉलिसी परत करता येते, स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या कव्हरचे पैसे कापून बाकी परत मिळतात. 18 दिवस उरलेत. ते गेले की मग सरेंडर, म्हणजे पॉलिसी मधेच मोडणं, आणि तिथे पहिल्या वर्षी हात पोळतातच.

आता गाडी. तुमच्याकडे दीड लाखाचा प्रॉब्लेम आहे असं मला वाटत नाही. दहा-अकरा वर्षांची गाडी, शॉक ॲब्झॉर्बर कधी बदलले माहीत नाही असं तुम्हीच लिहिलंय, चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश चिरलेत का हे कोणी वाकून बघितलं नसणार, आणि टायर 2019 चे. सात वर्षांच्या कडक झालेल्या रबरावर कोइलओव्हर लावून घाटात काय मिळणार आहे, गाडी फक्त सिन्नर फाट्याच्या गतिरोधकाला पोट घासेल. क्रम असा ठेवा: 205/55 आर16 चे चार चांगले टायर साधारण 42 हजार, स्टॉक दर्जाचे शॉक आणि बुश मिळून 45, अलाइनमेंट दोन. एक लाखाच्या आत, आणि त्यात टर्मचे 15 मिळवले तरी परत आलेल्या पैशात बसतं. एवढ्यावर महिनाभर चालवून बघा, तरी झुकल्यासारखं वाटलं तर गाडीचं झुकणं रोखणारा मागचा जाड अँटी-रोल बार पुढच्या वर्षी.

उरलेले 15 हजार गिअरबॉक्ससाठी बाजूला ठेवा. हा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) 250 न्यूटनमीटर झेलण्यापुरता आहे, गाडीच्या कंपनीने इंजिनाचा टॉर्क मुद्दाम तिथेच थांबवला होता, तुम्ही 320 वर नेलाय. क्लच किंवा मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) गेला तर बिल लाखाच्या घरात, 15 हजार ही नुसती सुरुवात. शिवाय रीमॅप कार इन्शुरन्सवाल्यांना कळवलेला नाही ना? कळवा, प्रीमियम वाढला तर वाढू दे. अपघातानंतर सर्व्हेयरला तो सापडला तर क्लेम अडकू शकतो, आणि घाटात जोरात चालवायला म्हणून तर हा सगळा खटाटोप चाललाय.

सोमवारी फ्री लूकचा अर्ज इन्शुरन्स कंपनीच्या शाखेत द्या, बँकेत नको. शिक्क्याची पोच घ्या, सोबत ईमेल करा. आरएम फोन करून "सर एकदा भेटून बोलू" म्हणेल, त्याला पोचचा फोटो पाठवा.