वाचक विचारतात : गुणसूत्रांची जोडी आणि तिचे सुटणे

प्रश्न : कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड आम्ही दर वर्षी करतो; सूत्री विभाजन (वाढीसाठी होणारे पेशीविभाजन) छान दिसते. गुणसूत्रे निम्मी करणारे अर्धगुणसूत्री विभाजन (मायोसिस) मात्र विकतच्या स्लाइडवर दाखवावे लागते. वर्गात करता येईल का? (जीवशास्त्राच्या शिक्षिका, निफाड)

येईल, आणि तुमच्या भागात त्याचे साहित्य बांधावरच मिळेल. मुळाच्या टोकात अर्धगुणसूत्री विभाजन कधीच दिसणार नाही, कारण तिथल्या पेशी फक्त मूळ वाढवतात. परागकण जिथे घडतात तिथेच जायला हवे. म्हणून बियाण्याच्या कांद्याचे डेंगळे (फुलांचे दांडे) घ्या. टोकाच्या फुलांच्या गोंड्यावरचा पातळ पापुद्रा फुटायच्या बेतात असताना तो सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान तोडा आणि कळ्या लगेच स्थिरीकरणाच्या मिश्रणात टाका : तीन भाग निव्वळ अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. मिश्रण त्याच दिवशी बनवा. शिळ्या मिश्रणात दोघांची आपसात क्रिया होऊन एस्टर तयार होते आणि पेशी नीट स्थिर होत नाहीत. २४ तासांनी कळ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवा.

खरी मेख कळी निवडण्यात आहे. एका गोंड्यात शेकडो कळ्या असतात आणि त्या सगळ्या एका वयाच्या नसतात. साधारण २ ते ४ मिमीच्या कळ्या घेऊन लहानीकडून मोठीकडे जा. कळीतले सहा परागकोश जवळजवळ एकाच अवस्थेत असतात, म्हणून आधी एकच फोडून पाहा. अवस्था जुळली तर उरलेले पाच मुलांना द्या. परागकोश पिवळा असेल तर उशीर झाला, आत परागकण तयार आहेत. हवा तो फिकट हिरवट, अर्धपारदर्शक.

ॲसिटोकार्माइन या गुणसूत्रे रंगवणाऱ्या द्रावाच्या थेंबात परागकोश कापून सुईने हलके दाबा. पेशी बाहेर आल्या की रिकामी साल उचलून टाका. बहुतेक स्लाइड इथेच बिघडतात : साल राहिली की कव्हरस्लिप नीट टेकत नाही आणि पेशी एकीवर एक चढतात. लोखंडी सुई थेंबात थोडी फिरवली तर रंग गडद होतो, जास्त फिरवली तर पेशीद्रव्यही काळवंडते. स्लाइड स्पिरिटच्या दिव्यावरून दोन-तीनदा फिरवा, उकळू देऊ नका. मग टिपकागदाखाली धरून अंगठ्याने सरळ दाबा. अंगठा बाजूला सरकला तर पेशी फाटतात. मुळासाठी करतो तसे हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गरम करणे इथे लागत नाही.

आता मोजा. कांद्याची गुणसूत्रे १६. मुळाच्या मध्यावस्थेत (गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर येतात तेव्हा) ती १६ सुटी दिसतात, इथे पहिल्या मध्यावस्थेत ८ जोड्या. मुलांनी स्वतः आठ मोजले की त्यांना ‘निम्मे’ म्हणजे काय ते पाठ करावे लागत नाही. पुढच्या कळ्यांमध्ये दोन-दोन पेशींच्या जोडगोळ्या आणि मग चौकड्याही सापडतील.

प्रश्न : गुणसूत्रे निम्मी नेमकी पहिल्या विभाजनात होतात की दुसऱ्या? (बारावीचा विद्यार्थी, लातूर)

पहिल्या. अर्धगुणसूत्री विभाजनात एकापाठोपाठ दोन विभाजने होतात. सुरुवातीला माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, प्रत्येकाचे दोन अर्धुके (एकमेकांना चिकटलेल्या दोन सारख्या प्रती). पहिल्या विभाजनात जोडीदार वेगळे होतात : २३ गुणसूत्रे, पण अर्धुके अजून ४६. दुसऱ्यात अर्धुके सुटतात, संख्या २३च राहते. दोन विभाजनांच्या मध्ये डीएनएची प्रत निघत नाही.

प्रश्न : केळीला बी का नाही? (केळी उत्पादक, रावेर)

तुमच्या बागेतल्या ग्रँड नैन जातीच्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच आहेत, ११ च्या तिपटीने ३३. जोडी दोघांची जमते. तिसऱ्याने जायचे कुठे? प्रत्येक तिकडीतून एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन जातात, आणि कोणती तिकडी कशी फुटेल याचा नेम नाही. अकराही तिकड्यांतून एका बीजपेशीत सारखेच, म्हणजे सगळीकडून एकेक किंवा सगळीकडून दोन-दोन येण्याची शक्यता गणिताने १०२४ मध्ये एक. बाकीच्या पेशींचा हिशेब चुकलेला असतो आणि त्यातल्या बहुतेक निकामी ठरतात.

पण एवढ्याने फळ धरत नाही. फलन न होताच फळ पोसण्याचा गुण केळीत वेगळा आहे. बिनबियांच्या कलिंगडातही तीन संच असतात, तरी त्याला तो गुण नाही. म्हणून त्या शेतात परागासाठी नेहमीच्या दोन संचांच्या कलिंगडाचे वेल लावावेच लागतात. ते विसरले तर फळधारणाच होत नाही.

प्रश्न : आईचे वय वाढले की डाऊन सिंड्रोमची शक्यता वाढते. असे का? (वाचक, कोल्हापूर)

पुरुषात शुक्रपेशी वयात आल्यापासून सतत नव्या बनतात. स्त्रीच्या अंडपेशींचे पहिले विभाजन मात्र ती स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि जोड्या जमलेल्या अवस्थेत थांबते. पाळी सुरू झाल्यावर दर महिन्याला साधारण एका पेशीत ते पुढे सरकते. म्हणजे चाळिसाव्या वर्षी सुटणारी जोडी चाळीस वर्षांहून अधिक काळ एकमेकांना धरून होती. त्यांना बांधून ठेवणारी कोहेसिन नावाची प्रथिने तोवर झिजतात, बांधणी सैल पडते आणि गुणसूत्रे चुकीच्या बाजूला जातात. २१ क्रमांकाचे गुणसूत्र जास्तीचे आले तर डाऊन सिंड्रोम. बाळाच्या जन्मावेळी आई पस्तिशीची असेल तर ही शक्यता साधारण ३५० मध्ये एक, चाळिशीची असेल तर १०० मध्ये एक.

यात आईच्या वागण्याचा, खाण्यापिण्याचा दोष नाही. घरातल्यांनी तो तिच्यावर ढकलू नये. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाची गुणसूत्र चाचणी मात्र जरूर करून घ्या. थोड्या बाळांमध्ये जास्तीचे २१ वे गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते. तसे आढळले तर आईवडील दोघांचीही चाचणी लागते, कारण पुढच्या गरोदरपणातला धोका त्यावर ठरतो.